क्लेअरमाँटमधले साडेपंचावन्न तास

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची १८१७ साली सात मुलगे आणि पाच मुली अशी बारा अपत्यं हयात होती. कायदेशीर नातवंड मात्र एकच, थोरल्या मुलाची मुलगी शार्लट. राजाला वेड लागलेलं, तो विंडसरला खिळलेला. थोरला मुलगा १८११ पासून प्रिन्स रीजंट म्हणून कारभार पाहत होता आणि त्याच्यानंतर गादी या एकवीस वर्षांच्या मुलीची होती. बाकीचे काका संन्यासी होते असं नाही. क्लॅरन्सच्या ड्यूकला डोरोथिया जॉर्डन या नटीपासून दहा मुलं झाली होती. पण आईबापांचं लग्न नव्हतं, म्हणून गादीशी त्या मुलांचा संबंध नव्हता. एवढ्या मोठ्या घराण्याचा सगळा भार एका पोटुशा मुलीवर येऊन ठेपला होता.

रीजन्सी काळ म्हटलं की आपल्याला जेन ऑस्टिन आठवते. नाचाच्या रात्री, मागण्या, नकार आणि शेवटी इस्टेट नाहीतर पदवी असलेला वर. कादंबरीत पदवी हे बक्षीस असतं. शार्लटच्या गोष्टीत ती पहिल्या पानापासून दोघांच्या मध्ये बसलेली आहे आणि बाळंतिणीच्या खोलीतही ती उठत नाही.

१२ जुलै १८१४, संध्याकाळ

लंडनच्या वॉरिक हाउसमधून अठरा वर्षांची शार्लट एकटीच रस्त्यावर पळत येते आणि भाड्याची घोडागाडी थांबवते. वडिलांनी तिच्यासाठी नेदरलँड्सच्या ऑरेंज घराण्यातला विल्यम ठरवला होता. करारावर जूनमध्ये सह्याही झाल्या होत्या. तो तिने मोडला, कारण लग्नानंतर परदेशात राहावं लागेल आणि वडील आपल्याला देशाबाहेरच ठेवतील अशी तिला भीती होती. संतापलेल्या रीजंटने तिच्याजवळची सगळी माणसं काढून टाकायचं आणि तिला विंडसरला नजरेखाली ठेवायचं ठरवलं. म्हणून ती पळाली, कॉनॉट प्लेसला आईकडे. काका, वकील, बिशप यांची रात्रभर रीघ लागली आणि पहाटे तिला परत धाडण्यात आलं.

याच उन्हाळ्यात रशियाच्या सम्राटाच्या लवाजम्यातून सॅक्स-कोबर्गचा लिओपोल्ड लंडनला आला होता. छोट्याशा संस्थानिकाचा धाकटा मुलगा, रशियन घोडदळातला अधिकारी, देखणा, खिशात फारसं काही नाही. इतर कुठल्या मुलीच्या मनात असं स्थळ भरलं असतं तर घरच्यांनी चार दिवस नाकं मुरडली असती, एवढंच. इथे वडिलांचा होकार मिळवायला दीड वर्ष गेलं. या काळात लिओपोल्ड फारसा पुढे आला नाही, शार्लटनेच तग धरला.

२ मे १८१६, रात्री ९

कार्लटन हाउसमध्ये लग्न. चंदेरी जरीचा पोशाख, त्याची किंमत १०,००० पौंडांवर गेल्याचं सांगतात. आपली सगळी ऐहिक मालमत्ता मी तुला अर्पण करतो, हे वाक्य कफल्लक लिओपोल्डच्या तोंडून आलं तेव्हा नवरीला हसू आवरलं नाही, अशी आठवण आहे. संसदेने जावयाला वर्षाला ५०,००० पौंड मंजूर केले आणि ते तिच्यामागेही त्याला मिळत राहतील अशी तरतूद केली. लग्नाच्या कागदपत्रातच तिच्या मरणाचा हिशेब मांडलेला होता. राजघराण्यात हे रीतीला धरूनच होतं, तरी मला त्या कलमाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्याच वसंतात रीजंटचा ग्रंथपाल जेम्स स्टॅनिअर क्लार्क याने जेन ऑस्टिनला सुचवलं होतं की तिने कोबर्ग घराण्यावर एक ऐतिहासिक प्रेमकथा लिहावी. तिने नम्रपणे नकार दिला, खेड्यातल्या घरगुती जीवनाची चित्रं हेच आपलं काम, असं तिचं म्हणणं होतं. शार्लटने तिची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ वाचली होती आणि त्यातली उतावळी मेरियन थेट आपल्यासारखी आहे, असं मैत्रिणीला कळवलं होतं. जुलै १८१७ मध्ये ऑस्टिन गेली.

सरेमधल्या एशरजवळचं क्लेअरमाँट हे घर देशाने या जोडप्यासाठी विकत घेतलं. तिथे दोघं वर्षभराहून जास्त काळ सुखात राहिली. त्यात शार्लटचे दोन गर्भ पडले. तिसऱ्यांदा दिवस राहिले ते टिकले आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली गेली. मुलगा होणार की मुलगी, यावर लंडनमध्ये पैजा लागल्या.

बाळंतपण सर रिचर्ड क्रॉफ्टकडे सोपवलं होतं. ‘सर’ ही घराण्याची पदवी त्याच्याकडे अवघ्या दीड वर्षापूर्वी, थोरला भाऊ गेल्यावर आली होती. बाळ फार मोठं होऊ नये म्हणून त्याने तिचं खाणं तोडलं आणि अधूनमधून रक्तही काढलं. तेव्हाच्या वैद्यकात हे शहाणपणाचं समजत. लिओपोल्डचा खासगी डॉक्टर स्टॉकमार याला हे पटत नव्हतं, पण त्याने हात घालायचं नाकारलं. काही बिनसलं तर खापर परक्या जर्मनावर फुटेल, हे तो ओळखून होता. तारीख येऊन गेली. पुढे दोन आठवडे काहीच झालं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर १८१७, संध्याकाळी ७. साडेपंचावन्न तास बाकी

पाणी गेलं, कळा सुरू झाल्या. शार्लटने सुईणीला शब्द दिला की मी ओरडणार नाही, किंचाळणार नाही. क्रॉफ्टने तिला चालत राहायला सांगितलं आणि खाणं बंद केलं. लिओपोल्डच्या हाताला धरून ती खोलीत फेऱ्या घालत होती.

मंगळवार, पहाटे साडेतीन. ४७ तास

बाळ लवकरच होईल असं वाटून निरोपे लंडनकडे दौडले. गादीच्या वारसाचा जन्म साक्षीदारांसमोर व्हायला हवा, हा नियम. सकाळ होईपर्यंत शेजारच्या खोलीत वसाहत आणि गृह खात्यांचे मंत्री बॅथर्स्ट आणि सिडमथ, कँटरबरीचा आर्चबिशप, लंडनचा बिशप ही मंडळी जमली. अडलेल्या बाईच्या दाराबाहेर निम्मं मंत्रिमंडळ खुर्च्या टाकून बसलेलं. ती दारं उघडी ठेवायची असत, म्हणजे जन्म खरा असल्याची खात्री पटावी.

डॉ. मॅथ्यू बेलीही आला. तो घराण्याचा वैद्य, शिवाय क्रॉफ्टचा साडू. दोघांच्या बायका टॉमस डेनमनच्या मुली, आणि हा डेनमन म्हणजे त्या पिढीतल्या इंग्लिश प्रसूतिशास्त्राचा शेवटचा शब्द. हे नातं लक्षात ठेवायला हवं.

मंगळवार, रात्री ९. साडेएकोणतीस तास

पहिला टप्पा संपला, त्याला सव्वीस तास लागले होते. आता बाळाने खाली सरकायचं होतं. कळा येत होत्या, पण क्षीण आणि अनियमित.

बुधवार, ५ नोव्हेंबर, पहाटे २. साडेचोवीस तास

डॉ. जॉन सिम्स लंडनहून पोचला. बाळ ओढून काढायचा चिमटा लावायचा झाला तर तो याने लावायचा, म्हणून त्याला बोलावलं होतं. वनस्पतिशास्त्रावरचं एक नामांकित मासिकही तो संपादित करत असे. तो आला, शेजारच्या खोलीत बसला आणि बसूनच राहिला. क्रॉफ्टने त्याला बाळंतिणीजवळ नेलंच नाही.

क्रॉफ्टला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि लोकांनी तेच केलं. पण अठराव्या शतकात चिमटा बेफाम वापरला गेला होता आणि त्यात कित्येक बाया आणि बाळं गेली होती. त्याची प्रतिक्रिया म्हणून डेनमनच्या पिढीने उलटं टोक गाठलं. बाळाचं डोकं अगदी खाली येऊन सहा तास अडलं तरच चिमट्याचा विचार करायचा, तोवर निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं. क्रॉफ्ट हा त्या शिकवणीत मुरलेला जावई होता. दार उघडं, पलीकडे मंत्री आणि आर्चबिशप, समोर देशाचा एकुलता वारस. चिमट्याने त्या बाळाच्या कपाळावर ओरखडा उठला असता तरी जन्माचा जाब द्यावा लागला असता. वाट पाहिल्याबद्दल मात्र कुणी जाब विचारत नाही. गिरणीकामगाराच्या बायकोजवळ हाच क्रॉफ्ट असता तर त्याने चिमटा मागवला असता का, ते सांगता येत नाही. पण तिथे त्याला निदान आपल्या मनाने ठरवता आलं असतं, असं मला वाटतं.

बुधवार, सकाळ

डॉक्टरांचं बुलेटिन निघालं. प्रगती सावकाश असली तरी ठीक चालली आहे, असा मजकूर. शार्लटला कळा सुरू होऊन दीड दिवस उलटून गेला होता. तिच्या पोटात अन्न जवळपास नव्हतं.

बुधवार, दुपारी १२च्या आसपास. साडेचौदा तास

अंगावरून जाणारं पाणी हिरवट-काळं दिसू लागलं. बाळाने पोटातच शी केली होती. बाळ गुदमरत असल्याची ही खूण आज कुठल्याही आरोग्य केंद्रातली नर्स ओळखते आणि धावपळ सुरू होते. तिथे जमलेल्यांनाही ती कळली, बाळ जगण्याची आशा कमी असल्याचं डॉक्टरांनी मनाशी धरलं. चिमटा तरीही निघाला नाही.

पुण्याचा सूर्य इंग्लंडच्या सुमारे पाच तास पुढे असतो. तेव्हा, त्याच ५ नोव्हेंबरला, जवळपास त्याच वेळी, खडकीच्या माळावर दुपार कलली होती आणि बापू गोखल्यांचं घोडदळ कर्नल बरच्या फौजेवर चाल करून जात होतं. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून आधीच खडकीच्या फौजेत जाऊन मिळाला होता. त्याच्या मागे ती जाळली गेली, पुस्तकं आणि कागद राख झाले. मोरो दीक्षित पडले. दिवस मावळेपर्यंत मराठी फौज मागे फिरली होती. पेशवाईच्या शेवटच्या युद्धाचा हा पहिला दिवस. त्याची बातमी जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोचायला महिने लागणार होते. क्लेअरमाँटमध्ये बसलेल्या मंत्र्यांपैकी कुणाच्या ध्यानीमनीही पुणं असण्याचं कारण नव्हतं. पण या दोन ठिकाणांची गाठ पुढे पडायची होती.

बुधवार, संध्याकाळ

आणखी एक बुलेटिन. गेल्या काही तासांत बरीच प्रगती झाली असून लवकरच सुटका होईल.

बुधवार, रात्री ९. साडेपाच तास

पन्नास तासांनी बाळ बाहेर आलं. मुलगा, नऊ पौंडांचा, मृत. कोमट पाण्यात घालून, चोळून, छातीत हवा फुंकून त्यांनी खूप वेळ प्रयत्न केले. बाळ सुंदर होतं, चेहरा राजघराण्यावर गेला होता, असं साक्षीदारांनी नोंदवलं. मग बाळंतीण सुखरूप असल्याचं ऐकून ते आपापल्या गाड्यांकडे गेले. ज्याच्या जन्माची साक्ष द्यायला ते आले होते तो विषय संपला होता. त्यांना दोष द्यावा असं काही नाही, त्यांचं काम तेवढंच होतं.

शार्लटने ते शांतपणे ऐकलं. देवाची इच्छा, म्हणाली, आणि भोवतालच्या रडणाऱ्या बायकांची समजूत तीच घालत राहिली.

रात्री १०च्या सुमारास. साडेचार तास

वार पडेना. गर्भाशय मध्येच आवळून बसलं होतं, क्रॉफ्टने हात घालून ती काढली. रक्त गेलं, पण फार नाही असं त्याला वाटलं. तिने थोडं खाल्लं. दोन दिवस तिच्यापाशी बसलेल्या लिओपोल्डने गुंगीचं औषध घेतलं आणि तो दुसऱ्या खोलीत पडला. घर आवरलं जात होतं.

मध्यरात्र. अडीच तास

कानात घणघण सुरू झाली, मग मळमळ, मग जोराच्या उलट्या. क्रॉफ्ट धावत आला तेव्हा तिचे हातपाय गार होते, श्वास लागत होता आणि रक्तस्राव सुरू होता. वाइन, ब्रँडी, शेकण्या, जे जे माहीत होतं ते झालं. त्याने स्टॉकमारला बोलावलं आणि लिओपोल्डला उठवायला सांगितलं. औषधाच्या गुंगीतून तो नीट जागाच होईना.

स्टॉकमार तिच्याजवळ गेला. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, यांनी मला पाजून पाजून झिंगवलंय. तिचा विनोद शाबूत होता. तो लिओपोल्डला पुन्हा उठवायला बाहेर पडला आणि पाठीमागून तिची हाक आली, ‘स्टॉकी! स्टॉकी!’ ती त्याला याच नावाने हाक मारत असे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर १८१७, पहाटे अडीच

तो वळून आत येईपर्यंत ती गेली होती.

लिओपोल्डला स्टॉकमारनेच सांगितलं. खोलीकडे जाताना तो वाटेतच एका खुर्चीत बसला, त्याला ते खरं वाटेना. मग आत जाऊन गुडघ्यावर बसून त्याने तिचे हात हातात घेतले. उठल्यावर त्याने स्टॉकमारला मिठी मारली आणि मला कधी सोडून जाणार नाही असं वचन मागितलं.

रीजंट सफोकमध्ये शिकारीला गेला होता. रात्री धावतपळत लंडनला आला, नातू गेला पण मुलगी बरी आहे हे ऐकून झोपला, पहाटे त्याला पुन्हा उठवण्यात आलं. देशाने असा शोक केला की दुकानांतलं काळं कापड संपलं, न्यायालयं आणि रॉयल एक्स्चेंज बंद झालं. रंगीत फिती विणणाऱ्यांचं दिवाळं निघायची वेळ आली आणि सुतकाचा काळ कमी करा म्हणून त्यांनी अर्ज केला. १९ नोव्हेंबरला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये मायलेकांना पुरलं.

क्रॉफ्टला राजाच्या घराने दोष दिला नाही. लोक देत राहिले. १३ फेब्रुवारी १८१८ च्या रात्री लंडनमध्ये तो अशाच एका लांबलेल्या बाळंतपणाला बसला असताना शेजारच्या खोलीत त्याने पिस्तुलाने स्वतःला संपवलं. सर अर्डली हॉलंड या प्रसूतितज्ज्ञाने पुढे या प्रकरणावर लिहिताना त्याला तिहेरी शोकांतिका म्हटलं, ती या तिसऱ्या मृत्यूमुळे. त्यानंतरच्या वर्षांत इंग्लंडचे डॉक्टर चिमट्याकडे पुन्हा वळले.

डिसेंबर १८१७, ब्रुसेल्स

केंटचा ड्यूक एडवर्ड हा राजाचा चौथा मुलगा. कर्जामुळे तो इथे येऊन राहिला होता आणि त्याच्यासोबत ज्युली द सेंट-लोराँ, सुमारे सत्तावीस वर्षांपासूनची जोडीदारीण. जिब्राल्टर, क्वेबेक, हॅलिफॅक्स, जिथे जिथे त्याची पलटण गेली तिथे ती गेली होती. एके सकाळी न्याहारीला त्याने ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ तिच्याकडे टाकला. राजाच्या मुलांनी आता देशासाठी लग्नं करावीत, असा त्यात मजकूर होता. वाचता वाचता तिच्या घशातून विचित्र आवाज आला आणि तिला झटका आला. ड्यूकनेच हे टॉमस क्रीव्ही या इंग्लिश राजकारण्याला सांगितलं आणि त्याने ते टिपून ठेवलं. लिओपोल्डची विधवा बहीण व्हिक्टोरिया हिला ड्यूकने आधीच, शार्लटच्याच उत्तेजनाने, पाहून ठेवलं होतं, हे ज्युलीला ठाऊक नव्हतं. माझं मन या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त तिच्यापाशी अडतं. शार्लटसाठी देश रडला. ज्युली पॅरिसला निघून गेली आणि १८३० मध्ये वारली.

लग्नांची घाई उडाली. क्लॅरन्स, केंट, केंब्रिज, तीन भावांनी १८१८ मध्येच जर्मन राजकन्या केल्या. २९ मे १८१८ ला कोबर्गमध्ये केंटचं लिओपोल्डच्या त्या बहिणीशी लग्न लागलं. पाच दिवसांनी, ३ जूनला, इकडे बाजीराव इंग्रजांचा सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाला.

२४ मे १८१९ च्या पहाटे केन्सिंग्टन राजवाड्यात केंटला मुलगी झाली. बाळंतपणाला शार्लट फॉन सिबोल्ड ही जर्मन बाई होती, प्रसूतिशास्त्रात विद्यापीठाची पदवी घेतलेली. तीन महिन्यांनी कोबर्गला परतून तिने केंटच्या बायकोच्या भावजयीचंही बाळंतपण केलं, मुलाचं नाव अल्बर्ट. केन्सिंग्टनची मुलगी गादीच्या रांगेत पाचवी होती. क्लॅरन्सच्या दोन्ही मुली तान्हेपणी गेल्या आणि १८३७ मध्ये ती राणी व्हिक्टोरिया झाली. १ नोव्हेंबर १८५८ ला कंपनीचं राज्य संपल्याचा जो जाहीरनामा हिंदुस्थानभर वाचला गेला तो हिच्या नावाचा.

१५ ऑक्टोबर १८३९, विंडसर

लिओपोल्ड आता बेल्जियमचा राजा होता. भाची व्हिक्टोरिया आणि पुतण्या अल्बर्ट यांची सोयरीक त्याने वर्षानुवर्षं मनात धरली होती. पण राज्यावर असलेल्या राणीला मागणी घालण्याचा अधिकार कुणाही पुरुषाला नव्हता. म्हणून वीस वर्षांच्या व्हिक्टोरियाने अल्बर्टला आपल्या खोलीत बोलावून घेतलं आणि मागणी स्वतःच घातली. लग्नाच्या कराराची बोलणी करायला कोबर्गच्या बाजूने जानेवारीत जो माणूस लंडनला आला तो स्टॉकमार होता.